राष्ट्रीय सावलीची हद्द

ज्या राष्ट्राला भूतकाळ असतो त्याला पुतळे असतात, आणि ज्याला पुतळे असतात त्याला वाहतूक वळवावी लागते. हा समाजशास्त्राचा पहिला सिद्धान्त नसला, तरी असायला हरकत नव्हती. दुसरा सिद्धान्त असा, की उभारला जाईपर्यंत पुतळ्यावरून भांडणे होतात, उभारला गेल्यावर त्याच्यावर कबुतरे बसतात, आणि या दोन अवस्थांच्या मध्ये केव्हातरी राष्ट्रभावना निर्माण होते. ती नेमकी केव्हा होते, समाजाच्या कोणत्या थरात जास्त होते आणि दरडोई किती होते, हे शोधून काढण्याची जबाबदारी समाजशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी स्वतःहून अंगावर घेतली. (स्वतःहून म्हणजे विभागप्रमुख बाईंनी दोनदा सांगितल्यावर.)

प्राध्यापक गेली अकरा वर्षे हंगामी होते. दर अकरा महिन्यांनी त्यांना निरोप दिला जाई आणि महिनाभराने त्यांची नव्याने ओळख करून घेतली जाई. प्रत्येक वेळी विभागप्रमुख बाई त्यांना गंभीरपणे विचारत, "याआधी आपण कुठे होतात?" कारण फॉर्मवर तसा रकाना होता. प्राध्यापकही तितक्याच गंभीरपणे "इथेच" असे सांगत, आणि बाई "अरे वा!" म्हणत. घरी त्यांच्या पत्नीने एकदा विचारले होते, "आपलं लग्न तरी कायम धरायचं ना? की तेही दर वर्षी नव्याने लावायचं?" तेव्हा प्राध्यापकांनी हा प्रश्न कुटुंबसंस्थेच्या टिपणांत लिहून ठेवला.

अशात कॉलेजने एक उदार नियम केला. ज्याचे संशोधन प्रशासन प्रत्यक्ष अमलात आणील, त्याला कायम करण्यात येईल. आजवर या नियमाचा लाभ एकालाच मिळाला होता. अर्थशास्त्राच्या एका गृहस्थांनी पाणीपट्टीच्या कचेरीतली रांग किती लांब असते यावर तीन वर्षे संशोधन केले. त्यामुळे तिथे दुसरी रांग सुरू झाली.

आपल्या प्राध्यापकांच्या प्रबंधाचे नाव होते, ‘सार्वजनिक शिल्पकला, राष्ट्रभावना आणि सामाजिक विषमता: एका चौकाचा सखोल अभ्यास’. चौक कॉलेजपासून चालत सात मिनिटांवर होता, हे त्याच्या निवडीमागचे शास्त्रीय कारण. मधोमध दगडी चौथरा, त्यावर काशाचा भव्य पुतळा. उजवा हात पुढे, तर्जनी रोखलेली. ती भविष्याकडे रोखलेली आहे, असे अनावरणाच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिच्या टोकाशी एका बँकेचे पैसे काढायचे यंत्र आहे आणि ते बहुधा बंद असते. पश्चिमेला रुंद पदपथ, पूर्वेला सात मजल्यांची एक सुखवस्तू इमारत.

पहिल्या टप्प्यात प्राध्यापकांनी पुतळ्याकडे कोण पाहते हे मोजले. आधी ‘पाहणे’ म्हणजे काय ते ठरवले: मान किमान तीस अंश वर, कालावधी किमान दोन सेकंद, तोंड उघडे राहिल्यास वेगळी नोंद. नऊ दिवसांत चौकातून चौदा हजार दोनशे बारा माणसे गेली. पुतळ्याकडे तिघांनी पाहिले. पहिला कबुतरांची घाण धुणारा नगरपालिकेचा माणूस. (पगारी असल्यामुळे बाद.) दुसरे एक गृहस्थ, ज्यांना शिंक येणार होती; ती आली नाही. तिसरे स्वतः प्राध्यापक.

"शून्य?" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "अहो, शून्य प्रशासन अमलात कसं आणणार?"

"तसं ते अमलात आहेच, बाई."

"विनोद कायम झाल्यावर करा. अहवाल द्यायला महिना उरलाय. शून्याला परिशिष्टसुद्धा जोडता येत नाही."

प्राध्यापक चौकात परत आले आणि चौथऱ्याच्या कडेला डोके धरून बसले. तिथे बसताना त्यांनी कोणाला तरी थोडे सरकायला लावले, आणि त्या सरकलेल्या व्यक्तीमुळे समाजशास्त्राला वेगळे वळण लागले.

ती व्यक्ती म्हणजे किल्लीवाल्या मावशी. बावीस वर्षे त्या चौथऱ्याच्या पश्चिम अंगाला बसून किल्ल्या करून देत होत्या. समोर लाकडी पेटी, पेटीवर कानशी, छोटी पकड, हातोडी, आणि तारेच्या मोठ्या कड्यात ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. निम्म्या शहराची कुलपे त्यांच्या हातून उघडली होती आणि त्यांनी त्याचा कधी गैरफायदा घेतला नव्हता. (संशोधन करणाऱ्यांबद्दल असे छातीठोकपणे सांगता येत नाही.) गेले नऊ दिवस त्या प्राध्यापकांना न्याहाळत होत्या.

"मान दुखत असेल, सर. चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा."

"वर कोण बघतंय हो? वर बघायला माणूस रिकामा लागतो. आम्हाला त्याच्या तोंडाशी काय करायचंय? सावली पडते, बूड टेकतं, झालं. मोजायचं तर खाली मोजा की."

प्राध्यापकांनी खाली पाहिले. मावशींच्या शेजारी चपला शिवणारे काका, त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रे विकणारा, मग हातगाडीला टेकून झोपलेले दोन हमाल, आणि सर्वांच्या पायाशी एक कुत्रा. सगळे एका ओळीत, सावलीच्या मापाने बसलेले. सावली सरकली की ओळ सरकत होती. कोणी कोणाला सांगत नव्हते, कुत्रादेखील आपणहून उठत होता. प्राध्यापकांनी वही उघडली. त्यांनी त्याच दिवशी पहिला निष्कर्ष लिहिला: राष्ट्रीय शिल्पाचा प्रत्यक्ष लाभ घेणाऱ्यांपैकी त्र्याऐंशी टक्के अल्प उत्पन्न गटातील आहेत, उरलेले सतरा टक्के कुत्रा.

आता हा लाभ मोजणे आले. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक कॉलेजातून खडूंची पेटी घेऊन आले आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला, पुतळ्याच्या सावलीची कड जमिनीवर आखू लागले. एकूण एकवीस आकृत्या.

इथे त्यांच्या हातून जे झाले त्याला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी इतकेच केले, की चष्मा लावून, हातात कागदांची पाटी घेऊन, रस्त्यावर वाकून पांढरी रेघ मारली. पण हे दृश्य ज्या नागरिकांनी जन्मभर पाहिले आहे, त्यांना त्या रेघेचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. अकराच्या सुमारास एक दुकानदार हात जोडून आला. "साहेब, रेघ जरा तिकडून घ्या ना. पायरी वाचेल आमची." साडेअकराला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंत जाणार की राहणार, एवढेच सांगा, म्हणून गळ घातली. प्राध्यापक म्हणाले, "आजोबा, ही फक्त सावली आहे." आजोबा म्हणाले, "हो हो, सगळे असंच सांगतात," आणि वकिलाकडे गेले.

वाहतूक हवालदाराने मात्र रीतसर विचारले, "कोणाच्या आदेशानं चाललंय हे?"

"हे संशोधन आहे."

"असं होय!" म्हणत हवालदाराने शिट्टी मारून त्या बाजूची वाहतूक बंद केली. ज्याला ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ कळत नाही तो त्याच्या आड येत नाही, हा त्या शब्दाचा फार मोठा उपयोग आहे.

चौथ्या दिवशी रस्ता खात्याची माणसे आली आणि त्यांनी खडूच्या एकवीस आकृत्या पांढऱ्या तैलरंगाने पक्क्या करून टाकल्या. प्राध्यापक धावत गेले.

"अहो, हे कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" मुकादम ब्रश न थांबवता म्हणाला. "पुसट झालेली रेघ दिसली की रंगवायची, असा आम्हाला कायमचा हुकूम आहे. नवीन रेघ मारायची असेल तर अर्ज लागतो. तुमचा आहे का अर्ज?"

"नाही."

"मग ती जुनीच असणार." आणि मुकादम साडेदहाच्या आकृतीचे नाक रंगवू लागला.

रंग वाळला आणि एक गोष्ट लक्षात आली. कड नव्हती तोवर ती सावली होती. कड आल्यावर तिचे चित्र झाले. जमिनीवर राष्ट्रपुरुष आडवे पडलेले स्पष्ट दिसू लागले, एकवीस वेळा, आणि त्यांच्या अंगावर माणसे बसलेली होती.

हे प्रथम पाहिले ते अभिमान मंडळाच्या अध्यक्षांनी. हे गृहस्थ वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. आधी मोजल्याशिवाय त्यांना राग येत नसे. त्यांनी खिशातून टेप काढून मावशी बसल्या होत्या ती जागा मोजली (एक मीटर चाळीस सेंटिमीटर), आणि मग ते संतापले.

"बाई, उठा! कुठे बसलाय कळतंय का?"

"बावीस वर्षं इथंच बसते."

"राष्ट्रपुरुषाच्या कपाळावर बसलाय तुम्ही! आणि वर कानस घासताय!"

मावशींनी वाकून पाहिले. "खरंच की. मघाशी पायाशी होते, आता कपाळावर आले. मी अजून जागची हलले नाही हो, तेच माझ्याकडे आले."

"उलट बोलू नका!"

"सुलट बोलले तरी किल्ली अर्धीच राहणार. गिऱ्हाईक ताटकळलंय. तुमचं काही कुलूपबिलूप आहे का?"

अध्यक्षांचे कुलूप नव्हते. त्यांच्याकडे मंडळ होते. संध्याकाळपर्यंत ठराव झाला: राष्ट्रपुरुषाच्या सावलीवर पाय देणे, बसणे, झोपणे अथवा किल्ली घासणे हा राष्ट्राचा अवमान समजण्यात यावा. नगरपालिकेपुढे अडचण एकच होती. सावलीची अधिकृत हद्द कोणती? अशी हद्द सांगणारा कागद कोणाकडेच नव्हता. नाही म्हणायला हंगामी प्राध्यापकांकडे एकवीस आकृत्या होत्या, वेळेसकट, सेंटिमीटरसकट.

"अमलात येतंय!" विभागप्रमुख बाई खुर्चीतून उठल्या. गेल्या अकरा वर्षांत त्या प्राध्यापकांसाठी प्रथमच उठल्या होत्या. "तुम्ही आता काही बोलू नका. काही शोधूही नका. जे सापडलंय तेच पुष्कळ आहे."

सावली नियमावली नऊ दिवसांत तयार झाली. (चौकातले गटार तुंबल्याला तेव्हा चौदावा महिना होता; पण गटाराला राष्ट्रीय पैलू नव्हता.) नियमावली वाचनीय आहे. सावली पदपथावर असताना तिच्या हद्दीत आढळणारा इसम स्वतःहून आत शिरला असे गृहीत धरावे. सावली खाजगी भिंतीवर, गच्चीत किंवा खिडकीत गेल्यास ती तिथे भेटीस आली असे समजावे, आणि मालकाने तिचा योग्य मान ठेवावा. भर दुपारी सावली चौथऱ्यापुरती उरते, ते राष्ट्रीय किमान होय. त्या वेळी कोणीही तिची तुलना इतर राष्ट्रांच्या सावल्यांशी करू नये. ढगाळ दिवशी अभिमान ऐच्छिक राहील. डोक्यावर कबुतर बसले असता त्याची सावली राष्ट्रीय धरावी किंवा कसे, हा प्रश्न उपसमितीकडे सोपवला. उपसमितीने दोन बैठकांनंतर कबुतर बसलेले असेपर्यंत राष्ट्रीय, उडाल्यानंतर खाजगी, असा निर्वाळा दिला.

कोणाची सावली कोणावर पडावी, कोणावर पडू नये आणि पडल्यास कोणी बाजूला व्हावे, याचे नियम माणसाला अनोळखी नाहीत. पुतळ्याला ते इतक्या शास्त्रशुद्ध रीतीने प्रथमच लागू झाले, हे प्राध्यापकांचे श्रेय.

पूर्वेच्या इमारतीत आनंदीआनंद झाला. दुपारनंतर सावली रस्ता ओलांडून इमारतीवर चढे. पूर्वी त्या वेळी पडदे ओढण्याची पद्धत होती. आता पडदे उघडण्याची पडली. "आम्ही सावलीत जात नाही. सावली आमच्याकडे येते," असे इमारतीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पाच वाजून चाळीस मिनिटांनी प्रत्यक्ष तर्जनी येई, ती फ्रिजच्या दारावर चार मिनिटे टेके आणि मग डब्यांच्या फळीकडे वळे. पाहायला नातेवाईक येऊ लागले. जावेने तर विचारले, "आमच्याकडे का नाही हो येत?" त्यावर "ते ज्याच्या त्याच्या घराच्या तोंडावर असतं," असे उत्तर मिळाले आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले. पहिल्या मजल्यावर नुसताच चौथरा येत असल्याने तिथले रहिवासी स्वतःला वंचित समजू लागले. या वंचितांवर अहवालात एक स्वतंत्र, हृदयद्रावक प्रकरण आहे.

पदपथावरच्या ओळीने काय केले? तिने हलणे चालूच ठेवले. पूर्वी मावशी सावलीबरोबर सरकत, आता सावलीपासून सरकू लागल्या. प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे मोजले: पूर्वी दिवसातून सतरा वेळा, आताही सतरा वेळा. अहवालात वाक्य गेले, ‘व्यवसायाच्या गतिशीलतेत कोणतीही घट आढळली नाही.’ फक्त पूर्वीच्या सतरा जागा सावलीत होत्या आणि आताच्या सतरा उन्हात. त्यासाठी अहवालाच्या नमुन्यात रकाना नव्हता.

मावशींनी छत्री आणली. तिसऱ्या दिवशी छत्रीवर बंदी आली. छत्रीची सावली राष्ट्रीय सावलीत मिसळून आकृतीला कुबड येते, असे अध्यक्षांनी मोजून दाखवले. मग मावशींनी कानशीच्या मुठीला चिंधी गुंडाळली, कारण उन्हात ती हातात धरवेना. कोऱ्या किल्ल्यांचे कडे तापून इतके लाल होई, की गिऱ्हाईक आपली किल्ली फुंकर मारून नेई. चपला शिवणारे काका आठवड्याभरात दिसेनासे झाले. हमालांनी हातगाडी दुसरीकडे नेली. कुत्रा मात्र दिवसभर हद्दीत आडवा असे. त्याच्यावर कारवाई करावी तर त्याचे नाव-गाव लिहावे लागे.

एका दुपारी मावशी पेटी डोक्यावर घेऊन थेट कॉलेजात आल्या. प्राध्यापक अहवालाची तीनशे बारा पाने लावत होते.

"सर, एक काम होतं."

"बसा ना, मावशी. पंखा लावतो."

"पंखा राहू द्या, सवय मोडायची. एक कागद लिहून द्या. रेघा खडूच्या होत्या, अभ्यासासाठी होत्या, त्यांचा कायद्याशी संबंध नाही. एवढंच. मी तो नेऊन नगरपालिकेतल्या साहेबांना दाखवते."

प्राध्यापकांनी पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. हे त्यांनी चार वेळा केले.

"मावशी, पंधरा दिवस थांबा. अहवाल मंजूर झाला की मी कायम होतो. मग लिहून देतो. मग काय, दोन कागद देतो. कायम माणसाच्या शब्दाला वजन असतं."

"बरं. आणि हंगामी माणसाच्या रेघेला?"

प्राध्यापकांनी टोपण पाचव्यांदा काढले. मावशींनी वाट पाहिली नाही, पेटी उचलली आणि जाता जाता त्यांच्या कपाटाच्या लटकणाऱ्या कुलपाकडे नजर टाकून म्हणाल्या, "हे बदला. नुसतं दिसायला आहे."

घरी जेवताना पत्नी म्हणाली, "लिहून द्या की तिला. चार ओळी तर आहेत."

"दिलं तर अहवाल गेला."

"आणि नाही दिलं तर?"

"कायम."

पत्नीने भाजीचे भांडे खाली ठेवले. (आवाजाची नोंद अहवालात नाही.) "तुमची कल्पना तरी होती का ती? तिनंच सांगितलं ना, खाली मोजा म्हणून?"

"ऋणनिर्देशात घेतलंय तिला," प्राध्यापक म्हणाले. "‘स्थानिक माहितीदार’ म्हणून."

अहवाल मंजूर झाला. कायम करण्याचा फॉर्म आला. पंचवीस रकाने होते. प्राध्यापकांनी आनंदाने पहिले तीन भरले आणि चौथ्यापाशी थांबले. चौथा रकाना संशोधनाच्या विषयाचा होता: पुतळा कोणाचा?

ते हसले. मग त्यांनी अहवाल उघडला. ‘पुतळा’, ‘सदर पुतळा’ आणि ‘राष्ट्रपुरुष’ असे एकूण अकराशे आठ उल्लेख होते. नाव नव्हते. प्रबंध सुरू करताना ते नंतर घालू, असे त्यांनी ठरवले होते, कारण ते सगळ्यांना माहीत असतेच.

ते चौकात गेले. चौथऱ्यावर नाव कोरलेले होते, पण त्यावर आता सावलीच्या वेळापत्रकाचा पोलादी फलक चौदा बोल्टांनी बसवलेला होता. फलक काढण्यासाठी नियमावली समितीकडे अर्ज करावा लागे. अर्जात पुतळ्याचे नाव लिहिणे बंधनकारक होते.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, हे काय विचारणं झालं? आपल्या... ह्यांचा! हात असा पुढे असतो ते. मला आता मीटिंग आहे."

मग प्राध्यापक अभिमान मंडळात गेले.

"मला विचारताय?" अध्यक्ष उभे राहिले. "मला? अहो, त्यांच्यासाठी मी प्राण देईन!"

"हो, तेच. पण कोणासाठी?"

"चालते व्हा!"

इमारतीच्या सेक्रेटरींनी तिसऱ्या मजल्यावरून विचारून सांगतो म्हटले. तिसऱ्या मजल्याने फक्त बोट येते, चेहरा येत नाही, असे कळवले. शेवटी प्राध्यापक पदपथावर आले. सकाळचे अकरा वाजले होते. मावशी अंकगणिताने जिथे असायला हव्या होत्या तिथेच, भर उन्हात होत्या, आणि एका पेटीची किल्ली घासत होत्या.

"मावशी, पुतळा कोणाचा हो हा?"

त्यांनी वर पाहिले. मान तीस अंशांहून जास्त, दोन सेकंदांहून अधिक. पण पाहिले प्राध्यापकांकडे.

"बावीस वर्षं पाठ टेकलीय त्या अक्षरांना. नाव माहीत आहे. जन्मसाल माहीत आहे. खाली दोन ओळी आहेत, त्यानं काय केलं त्याच्या, त्याही तोंडपाठ आहेत. वाचल्यात का कधी तुम्ही?"

"नाही."

"वाचल्या असत्या तर रेघा मारल्या नसत्या."

"सांगा ना, मावशी. नाव नुसतं."

"सांगते की. आधी कागद."

कोरा कागद प्राध्यापकांच्या पाटीला होता. पेन खिशात होते. चार ओळींचा मजकूर त्यांना पाठ होता. गेले काही दिवस तो त्यांना अंघोळ करतानाही ऐकू येत होता. ते तिथे उभे राहिले. ऊन डोक्यात शिरू लागले, तसे ते नकळत दोन पावले डावीकडे सरकले, हद्दीच्या आत. हवालदाराने शिट्टी मारली. प्राध्यापक दचकून बाहेर आले.

"फॉर्म उद्या पाचपर्यंत द्यायचाय," ते म्हणाले.

"मग आहे की वेळ," मावशी म्हणाल्या आणि कानस उचलली.

रस्ताभर प्राध्यापकांनी विचार केला. विचार चांगला होता. त्यात दोन्ही बाजूंना समान न्याय दिलेला होता, आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत तो संपला. दुसऱ्या दिवशी पाच वाजायला दहा मिनिटे असताना त्यांनी चौथ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘सर्वपरिचित’.

आस्थापना विभागातल्या कारकुनाने रकाना वाचला. मान वर केली. काही विचारण्यासाठी तोंड उघडले. मग त्याच्या लक्षात आले, की विचारले तर आपल्याला माहीत नाही हे फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला कळेल. त्याने तोंड मिटले आणि शिक्का मारला. त्याच्यावरच्या अधिकाऱ्याचेही असेच झाले, त्याच्यावरच्याचेही. एकूण अकरा सह्या झाल्या. शेवटच्या सहीपाशी कुलगुरूंनी तर शेरा मारला: ‘अशा थोर व्यक्तीवर आपल्याकडे काम झाले, ही अभिमानाची बाब.’

प्राध्यापक कायम झाले. विभागप्रमुख बाईंनी सर्वांसमक्ष त्यांचे अभिनंदन केले आणि विचारले, "याआधी आपण कुठे होतात?" दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे कोरा कागद आणि पेन घेऊन पदपथावर गेले. एक कागद नव्हे, दोन नेले होते. सतराही जागा पाहिल्या. मग घरी आले. पत्नीने काही विचारले नाही, आणि त्यांनी ते संमती म्हणून नोंदवले.

हा वृत्तान्त छापण्यापूर्वी एकसष्ट सुशिक्षित आणि संवेदनशील वाचकांना वाचायला देण्यात आला. सोबत अभिप्रायाचा फॉर्म होता. समाजाची स्थिती आज खरोखर अशीच आहे, यावर सर्वांचे एकमत झाले. पुष्कळांनी आपल्या ओळखीचे अमुक गृहस्थ हे वाचून सुधारतील, अशी आशा व्यक्त केली. ‘आपली शंका’ या रकान्यात अठ्ठावन्न जणांनी एकच गोष्ट विचारली: ते सगळं खरं, पण पुतळा होता तरी कोणाचा? दोघांनी त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एखादा फ्लॅट निघेल का, अशी चौकशी केली. एकाने छपाईची चूक दाखवली.

किल्लीवाल्या मावशी गेल्या कुठे, हे विचारायचे असल्यास त्यासाठीही खाली एक रकाना ठेवलेला होता. तो एकसष्टच्या एकसष्ट वेळा कोरा परत आला, म्हणून नव्या फॉर्ममधून वगळला आहे. आपण बासष्टावे.